बेसला जड डिस्टॉर्शन: क्लीन आवाज खाली ठेवायचा की सगळंच जाळायचं?

छप्पन_खर्ज:
इंदूरचा तिघांचा बँड आहे आमचा. एक गिटार, एक ड्रम, बेस गिटारवर मी. ट्यूनिंग ड्रॉप सी, सर्वात जाड तार सी सुरापर्यंत उतरवलेली, म्हणजे माझी जाड तार ३२.७ हर्ट्झवर आणि गिटारची ६५.४ वर. गिटारवाला सोलो घ्यायला वर चढला की खाली भगदाड पडतं. ते बुजवायला मला जड डिस्टॉर्शन, म्हणजे मुद्दाम फाटवलेला आवाज, हवंय. ओव्हरड्राइव्हची लाडिक खरखर नको, करवत हवी.

गेल्या महिन्यात एका कॉलेजच्या फेस्टमध्ये वाजवलं. मित्राचं गिटारचं एक मेटल पेडल मागून नेलं होतं. घरी दहा वॅटच्या अँपवर ते इतकं भारी वाजत होतं की शेजारच्या काकूंनी दोनदा बेल वाजवली. स्टेजवर पेडल दाबलं आणि मी गायब! व्हिडिओत मान हलतेय, बोटं चालताहेत, ऐकू येतंय ते गिटार आणि झांजा. कडेला कुठेतरी माशी घोंगावतेय. ती माशी म्हणजे मी.

माझं मत पक्कं झालंय. ज्या पेडलवर क्लीन, म्हणजे न फाटवलेला मूळ आवाज मिसळायचा ब्लेंड नॉब नाही, ते बेसचं पेडलच नाही. बॉसचं ओडीबी-३, डार्कग्लासचं बी३के किंवा टेक २१ चं सॅन्सअँप बेस ड्रायव्हर, यांतलं एक घेणार. तिघांतही मिसळायची सोय आहे. वेगळं मत असेल तर खुशाल भांडा, फक्त वाजवून बघितलेलं बोला.

मफवाला_भिया:
भिया, भांडायलाच आलोय. ब्लेंड म्हणजे एका बेसचे दोन बेस करणं. खाली एक सज्जन माणूस सरळ सूर धरून बसलेला, वर दुसरा जळतोय, आणि दोघांची ओळखही नाही. डिस्टॉर्शन आवाज दाबून एका पातळीवर आणतं, क्लीन मात्र बोटाबरोबर खालीवर होतो. हळू वाजवलंस की खालचा माणूस उठून जातो, जोरात वाजवलंस की वरच्याला गिळतो. मी चार वर्षं हे केलंय आणि सोडलंय.

मेटालिकाचा क्लिफ बर्टन बिग मफ आणि वाह ही पेडलं लावून बेसवर सोलो वाजवायचा. मोटरहेडच्या लेमीचं तर पेडलही नव्हतं. रिकनबॅकर बेस सरळ मार्शल अँपमध्ये, मिड (मधले स्वर) फुल्ल, बेसचा नॉब जवळजवळ बंद. दोघांपैकी कुणाला तू माशी म्हणशील? बिग मफ घे, सस्टेन वाढव, मोकळा हो.

छप्पन_खर्ज:
लेमीच्या मागे भिंतीएवढे मार्शल होते. माझ्या मागे फेस्टवाल्यांचा फ्लेक्स होता.

सोल्डरकाका:
तुम्ही दोघंही अर्धंच बोलताय. मी पेडलं उघडून दुरुस्त करतो, म्हणून आतलं सांगतो.

गिटारच्या पेडलात खालचा आवाज चुकून कापला जात नाही, मुद्दाम कापतात. ट्यूब स्क्रीमर या गिटारच्या ओव्हरड्राइव्ह पेडलचं उदाहरण घ्या. ४.७ किलोओहमचा रेझिस्टर आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, दोघांचा हिशोब येतो ७२० हर्ट्झ. त्याच्या खाली जावं तसा गेन, म्हणजे आवाजाची वाढ, उतरत जातो. कारण जाड सूर लाट कापणाऱ्या डायोडपाशी आधी आपटतात, सगळी जागा खातात आणि बारीक सुरांचा चिखल करतात. गिटारवाल्याला हे कापणं सोयीचं, त्याचं खालचं काम तुम्ही करताय ना! तेच पेडल बेसला लावलं की तुमचं ४०-८० हर्ट्झचं घर बाहेरच राहतं.

पण म्हणून गिटारचं प्रत्येक पेडल बाद होत नाही. रॅट बघा. त्यात गेन ठरवणाऱ्या दोन वाटा आहेत, एक साधारण ६० हर्ट्झपासून उघडते, दुसरी दीड हजारापासून. बेस त्यातून बऱ्यापैकी शाबूत निघतो, आणि ब्लेंड नॉब तर त्यावर नाहीच. फक्त फिल्टरचा नॉब उलटा आहे, उजवीकडे फिरवला की वरचे स्वर कापले जातात. माझ्याकडे दोन जण रॅट ‘बिघडलंय’ म्हणून घेऊन आले, दोन्ही वेळा दोष नॉबच्या दिशेचा होता. पैसे घेतले नाहीत, चहा घेतला.

आता मफवाल्या भियांना. मफ खाली भरपूर देतं, पण १००० हर्ट्झच्या आसपास त्याच्या टोन कंट्रोलमध्येच खड्डा आहे. बँडमध्ये बेसचं बोट ऐकू येतं ते मिडमुळे. घरी एकट्याने वाजवताना तो खड्डा गोड लागतो, आणि गिटार सुरू झाली की बेस त्याच खड्ड्यात जातो. लेमीचं उदाहरण तुमच्याच विरुद्ध आहे हो, त्याने मिड फुल्ल ठेवले होते.

मफवाला_भिया:
काका, तो खड्डा अँपवर मिड वाढवून बुजवतो मी. पेडलने सगळं करावं असं कुठे लिहिलंय?

साउंडवाला_परदेशीपुरा:
मी मिक्सरच्या मागे बसणारा. त्या फेस्टला नव्हतो, पण काय झालं असेल ते सांगू शकतो. पेडलमधून वायर सरळ डीआय बॉक्समध्ये, म्हणजे अँप टाळून मिक्सरला जोडणाऱ्या डब्यात, आणि तिथून पीएत, म्हणजे लोकांसमोरच्या मोठ्या स्पीकरमध्ये. बरोबर? बेसच्या कॅबिनेटचा स्पीकर चार-पाच हजार हर्ट्झच्या वरचं फारसं काढतच नाही, म्हणून डिस्टॉर्शनची सगळी किरकिर तिथेच मरते. पीएचा हॉर्न ती इमानेइतबारे लोकांच्या कानात ओततो. माझ्यासारखा माणूस मग काय करतो? फेडर, म्हणजे तुमच्या आवाजाची पट्टी, खाली. झालात तुम्ही गायब.

पेडलला दोष देण्याआधी पुढे कॅबिनेटची नक्कल करणारं काहीतरी लावा. झूमचं बी१ फोर हे पेडल असलं तरी चालतं, त्यात आहे ती सोय. सॅन्सअँपची तर तीच ओळख आहे, पण जुन्या मॉडेलवर मिडचा नॉब नाही, हे बघून घ्या.

आणि मोबाइलच्या व्हिडिओवरून कुणाला फाशी देऊ नका. मोबाइलचा स्पीकर ३२ हर्ट्झ काढू शकत नाही. तिथे बेस ऐकू येतो तो मूळ सुराच्या बऱ्याच वरच्या पटींमुळे. त्या कानावर पडल्या की खालचा सूर डोकं स्वतःच भरून घेतं. म्हणजे मोबाइलवर तुम्हाला वाचवणारं डिस्टॉर्शनच आहे, क्लीन नव्हे. तुमचा ब्लेंड तिथे शून्य कामाचा.

छप्पन_खर्ज:
डीआयचं अगदी बरोबर ओळखलंत. पण लोक मोबाइलवर नव्हते, समोर उभे होते. त्यांनाही पोटात काही लागलं नाही. पोटात लागतं ते क्लीनच.

तंबोरी:
मी बेस वाजवत नाही. घरात दोन तंबोरे आहेत, मिरजेचे, आणि आमच्याकडे जवारीवरून, म्हणजे घोडीवर तार घासून येणाऱ्या झंकारावरून, याहून मोठी भांडणं झालेली आहेत.

खर्जाची तार जीवा, म्हणजे तारेखालचा दोरा, काढून छेडा. सूर आहे, पण बसका. घोडीवर तारेखाली दोरा घाला आणि केसभर पुढे सरकवा, एकदम आवाज उघडतो आणि वरचे स्वर झुंबरासारखे लागतात. आणखी केसभर सरकवला की झणझणाट होतो, षड्ज सापडत नाही. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये यावर लिहिलं होतं. साध्या तारेला जिथे छेडलं तिथे ज्या स्वराचा स्थिरबिंदू असतो तो स्वर उमटू नये, तंबोऱ्यात तो उमटतो, कारण तार घोडीच्या वक्र पाठीला घासत राहते.

उस्ताद अमीर खाँच्या गावातली माणसं तुम्ही, खर्ज जड करायला त्याच्या शेजारी बिनजवारीचा दुसरा तंबोरा ठेवाल का? ब्लेंड मला तसा वाटतो. आहे त्याच तारेवर दोरा कुठे थांबवायचा ते शोधा. आणि पट्टी बदलली की जवारी परत लावावी लागते. तुमचं ड्रॉप सी आहे, तर नॉब त्याच ट्यूनिंगमध्ये ठरवा.

सोल्डरकाका:
ताई, ऐकायला छान आहे, पण डायोड म्हणजे जवारी नव्हे. जवारीत वरचे स्वर तार वाजत असताना हळूहळू फुलतात. डायोड लाटेचं डोकं तिथल्या तिथे उडवतो, सिलिकॉन असेल तर ०.६ व्होल्टच्या आसपास, आणि जितकं जोरात वाजवाल तितकं जास्त. शिवाय दोन सूर एकत्र घातलेत की त्यांच्या बेरजा-वजाबाक्याही बाहेर पडतात. म्हणून जाड तारांवर कॉर्ड वाजवली की गुरगुर होते. तंबोऱ्याच्या चार तारा एकत्र वाजूनही असं होत नाही.

तंबोरी:
काका, मी उपमा दिली होती, सर्किट नव्हे. केसभर सरकवण्याचा मुद्दा तुम्ही खोडलेला नाहीत.

छप्पन_खर्ज:
रविवारी खोलीत तिघं बसलो, मागून आणलेली तीन पेडलं घेऊन. जे झालं ते जसंच्या तसं.

आधी बी३के. ड्राइव्ह घड्याळाच्या तीनवर, ब्लेंड पूर्ण, म्हणजे क्लीन शून्य. ड्रमर म्हणाला, बेस सुरू कर ना. सुरूच होता. मग ड्राइव्ह कमी करत आलो. दहावर आल्यावर तो म्हणाला, आता जड झालं. गेन कमी केल्यावर जड! मला पटेना, म्हणून त्याला पाठमोरा बसवून परत केलं. दोन्ही वेळा दहावरच हात वर केला त्याने. ग्रंटचा स्विच, म्हणजे घासण्याआधी किती खालचा आवाज आत सोडायचा तो, वर टाकला तर चिखल. मधे ठेवला. तंबोरीताई, केसभरचं मान्य.

मग रॅट, माझ्याकडच्या क्लीन मिसळून देणाऱ्या एका जुन्या ब्लेंडरच्या डब्यातून. इथे गंमत झाली. नुसतं रॅट भरीव, नुसतं क्लीन भरीव, आणि नॉब मधोमध आणला की पोटातलं सगळं गेलं, पत्र्याचा डबा उरला. काका, रॅट उलटं करतं का?

सोल्डरकाका:
रॅट उलटं करत नाही. तुमचा डबा करतोय. ट्रान्झिस्टरचा नेहमीचा टप्पा लाट उलटी करून देतो. मफमध्ये असे चार टप्पे आहेत, चार वेळा उलटून परत सरळ. तुमच्या डब्यात एका वाटेवर विषम टप्पे असणार. सरळ आणि उलटी लाट एकत्र आली की खालचा भाग एकमेकांना खातो. वरचे खरखरीत स्वर क्लीनमध्ये नसतातच, त्यामुळे त्यांना खाणारं कुणी नसतं, ते उरतात. म्हणून पत्रा. डबा पाठवा, बघतो.

मफवाला_भिया:
म्हणजे ज्या ब्लेंडशिवाय पेडल बेसचं नाही म्हणत होतास, त्याच ब्लेंडने तुझा बेस खाल्ला. मी आणखी काही बोलत नाही. तिसरं पेडल कोणतं होतं ते सांग.

छप्पन_खर्ज:
तिसरं मफ होतं. एकटा वाजवताना तिघांतलं सर्वात सुंदर, हे कबूल. गिटार आली आणि काकांचा खड्डा दिसला. अँपचा मिड उजवीकडे टोकाला नेला तेव्हा कुठे वर आलो, पण सुटे पटपट सूर एकमेकांना चिकटत होते. हळू रिफला झकास.

तर ब्लेंडशिवाय पेडल बेसचं नाही, हे वाक्य मागे घेतो. घेतोय मात्र बी३केच, आणि ब्लेंड दोनवर ठेवूनच. पूर्ण जाळलं की किक ड्रमबरोबरचा धक्का जातो, हे ड्रमरने मला न विचारता सांगितलं.

मफवाला_भिया:
ड्रमरच्या कानावर पेडल घेणारा पहिला माणूस बघितला.

साउंडवाला_परदेशीपुरा:
एक राहिलंच. गिटारवाल्याला त्याच्या अँपचा बेस कमी करायला सांगा. शंभर हर्ट्झखाली त्याने जागा सोडली की तुमचं अर्धं काम फुकटात होतं.

तारवाला_सुदामानगर:
मीच तो गिटारवाला. सगळा धागा वाचला. तीन पेडलं आणली, तंबोरा आणला, रामन आणले, आणि शेवटी बिल माझ्या नावावर. घरी माझा अँप बेस कमी केला की शेंगदाण्याच्या डब्यासारखा वाजतो, मी करणार नाही.

साउंडवाला_परदेशीपुरा:
घरी नका करू. स्टेजवर करा.

तारवाला_सुदामानगर:
स्टेजवर तर अजिबात नाही.

छप्पन_खर्ज:
काका, डबा उद्या आणून देतो. येताना याचा अँपही आणू का?