प्रतिसाद: सिकलसेलचं दुखणं नुसतं अडकण्याचं नाही

वरती एकांनी लिहिलंय की सिकलसेल या रक्ताच्या आजारात लाल पेशी विळ्यासारख्या होतात, बारीक नसांत अडकतात अन् म्हणून दुखतं, बाकी काही नाही. सुरुवात तिथूनच होते हे खरं, पण "बाकी काही नाही" हे पटत नाही. त्या पेशी फुटल्या की आतलं हीम (हिमोग्लोबिनचा लोहवाला भाग) रक्तात मोकळं होतं, त्यानं नसेचं आतलं अस्तर चिडतं, पांढऱ्या पेशी तिथं चिकटून बसतात अन् लाल पेशी मग त्यांनाच येऊन अटकतात, म्हणजे इन्फ्लमेशन (आतला दाह) या आजाराच्या मधोमध बसलंय. आमच्या गडचिरोलीकडे रोवणीच्या दिवसांत माझ्या भाच्याचं असंच होतं, आधी सर्दी-ताप, मग पाठ अन् मांड्या अशा ठणकतात की लेकरू अंगावर चादरसुद्धा टाकू देत नाही.

अन् सिकलसेलवर देतात त्या हायड्रॉक्सीयुरियाबद्दल सगळे म्हणून राहिले की ती गोळी फक्त एचबीएफ (पोटातल्या बाळात असतं ते हिमोग्लोबिन) वाढवते. ती पांढऱ्या पेशीही कमी करते, हे इथं कोणीच बोललं नाही. १९९५ मध्ये छापून आलेल्या अमेरिकेतल्या ट्रायलमध्ये २९९ मोठी माणसं होती, गोळीवाल्यांना वर्षाला साधारण २.५ क्रायसिस (दुखण्याचे झटके) आले, नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांना ४.५. फक्त पांढऱ्या पेशी फारच उतरल्या तर डॉक्टर गोळी काही दिवस थांबवतात, म्हणून सीबीसी (रक्तपेशी मोजायची तपासणी) वेळेवर करत जा, अन् दुखणं थांबलं म्हणून आपल्या मनानं गोळी बंद करू नका बाप्पा.