फिनेस्त्रेवर येट्स जिंकला की बाकीचे दोघं हरले?

चढणवेडा:
२०२५ च्या जिरोची, म्हणजे इटलीतल्या तीन आठवड्यांच्या सायकल शर्यतीची, विसावी स्टेज (एका दिवसाचा टप्पा) काल परत पूर्ण बघितली आणि आता लिहिल्याशिवाय राहवत नाहीये. जो तो एकच बोलतो, येट्स जिंकला नाही, डेल टोरो आणि कारापाझने त्याला जिरो देऊन टाकला. मला हे अजिबात पटत नाही.

ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ३१ मे, व्हेरेस ते सेस्त्रिएरे, शेवटून दुसरी स्टेज. गुलाबी जर्सी, म्हणजे एकूण वेळेत पहिला असणाऱ्याची जर्सी, २१ वर्षांच्या इसाक डेल टोरोकडे, रिचर्ड कारापाझ ४३ सेकंद मागे, सायमन येट्स १ मिनिट २१ सेकंद मागे. वाटेत कोल्ले देल्ले फिनेस्त्रे, १८ किलोमीटरचा घाट, चढ सरासरी ९ टक्क्यांच्या वर आणि शेवटचे आठेक किलोमीटर तर डांबरच नाही, नुसती खडी. पायथ्यालाच कारापाझच्या टीमने वेग लावला, कारापाझने अटॅक केला, त्याला फक्त डेल टोरो चिकटला. येट्स घाबरला नाही, आपल्या लयीत येऊन मिळाला आणि मग स्वतः अटॅक करत राहिला, एक, दोन, तीन, आणि सुटला तो सुटलाच.

आता २०१८ आठवा. हाच माणूस, हाच घाट. १३ दिवस गुलाबी जर्सी, तीन स्टेज जिंकलेला, आणि एकोणिसाव्या स्टेजला याच फिनेस्त्रेच्या सुरुवातीलाच पाय संपले, त्या दिवशी ३८ मिनिटांच्या वर गेली त्याची. त्याचा प्रतिस्पर्धी फ्रूम ८० किलोमीटर एकटा गेला आणि जिरो घेऊन गेला. त्याच घाटावर सात वर्षांनी परत येऊन अटॅक करायला काय काळीज लागत असेल? आणि आपण म्हणायचं त्याला फुकट मिळालं!

मागचा_गिअर:
काळीज मान्य, निष्कर्ष अमान्य. आकडे बघ. माथ्यावर येट्सकडे दीड मिनिटाच्या थोडा वर फरक होता. सेस्त्रिएरेला डेल टोरो त्याच्यामागे ५ मिनिटं १३ सेकंदांनी पोचला. मधली साडेतीन मिनिटं कुठे गेली? घाटात नाही गेली, खाली दरीत गेली, जिथे दोन दमदार रायडर एकमेकांची तोंडं बघत बसले होते. रेस पुढे चाललीय, जर्सी डोळ्यांसमोर जातीय आणि तू दुसऱ्याने पुढे राहून वारा अडवत ओढावं म्हणून थांबतोस? तीन आठवडे रेस बघणाऱ्याला ते बघवत नव्हतं. मी तर उठून उभा राहिलो होतो.

चढणवेडा:
अरे पण तुझाच आकडा घे. येट्सला हवे होते १ मिनिट २१ सेकंद. माथ्यावर दीड मिनिटाच्या वर होते. म्हणजे जर्सी माथ्यावरच त्याच्याकडे आलेली. ती त्याने पायांनी मिळवली, खालच्या भानगडीने फक्त फरक फुगला.

खडीचा_रस्ता:
तुम्ही दोघंही येट्सच्या टीममधल्या व्हॅन आर्टला विसरताय. तो सकाळपासून ब्रेकअवेमधे, म्हणजे सगळ्यांच्या पुढे निघालेल्या गटात, होता, स्टेज जिंकायला नाही, थांबायला. फिनेस्त्रे पार केला, पुढे येट्सची वाट बघितली आणि मग सपाटीवर येट्सला मागे बसवून असा ओढला की दोन माणसांचा पाठलाग सुद्धा पुरला असता की नाही शंका आहे. चढावर दुसऱ्याच्या मागे बसून फार काही वाचत नाही कारण वेगच कमी असतो, पण दरीत ताशी ४०-५० च्या वेगात समोर व्हॅन आर्टसारखी भिंत असेल तर मागचा रायडर चक्क विश्रांती घेत असतो. त्यामुळे माथ्यावरचा दीड मिनिट खाली टिकलाच असता असं धरून चालू नका, एकटा असता तर कमी झाला असता. ही प्लॅनिंगची जीत आहे.

आणि एक गोष्ट मला फार हलवून गेली. नवव्या स्टेजला सिएनामधे याच व्हॅन आर्टने स्प्रिंटमधे डेल टोरोला हरवलं होतं आणि त्याच संध्याकाळी डेल टोरोला पहिल्यांदा गुलाबी जर्सी मिळाली होती. जर्सी आली तेव्हाही व्हॅन आर्ट शेजारी आणि गेली तेव्हाही समोर.

मागचा_गिअर:
व्हॅन आर्टबद्दल शंभर टक्के सहमत. पण तो पुढे बसलाय हे डेल टोरोच्या टीम कारला (मागून रेडिओवर सूचना देणारी) माहीत नव्हतं का? म्हणूनच तर येट्सला माथ्याच्या आतच धरायला हवं होतं.

दुसरा_क्रमांक:
कारापाझची बाजू कोणी मांडत नाहीये म्हणून मांडतो. जर्सी कोणाची? डेल टोरोची. मग वाचवायची कोणी? कारापाझ दुसरा होता, त्याने ओढलं असतं तर डेल टोरो आरामात मागे बसला असता आणि सेस्त्रिएरेला त्यालाच मागे टाकून गेला असता, स्प्रिंट त्याची जास्त चांगली आहे हे तीन आठवडे दिसत होतं. आणि हा माणूस शेवटच्या पर्वतावर जर्सी जाणं म्हणजे काय ते जगून बसलाय. २०२२ मधे विसाव्याच स्टेजला, मार्मोलादाच्या फेदाया घाटात, प्रतिस्पर्धी हिंडलीपुढे फक्त ३ सेकंदांची आघाडी होती आणि ती गेली. तो दुसऱ्या जागेसाठी आलेला नव्हता, जिंकायला आलेला, आणि जिंकायचं असेल तर डेल टोरोला फुकट ओढून चालणार नव्हतं. दोघांचंही गणित आपापल्या जागी बरोबर होतं, मिळून चुकलं.

मागचा_गिअर:
मिळून चुकलं म्हणजे हरलेच ना!

जुना_प्रेक्षक:
मी नव्वदच्या दशकापासून बघतोय त्यामुळे असं काही दिसलं की आनंदाच्या आधी मन चरकतं, हे प्रामाणिकपणे सांगतो. २००६ च्या टूर द फ्रान्समधे लँडिस एका दिवशी दहा मिनिटं गमावून बसला आणि दुसऱ्या दिवशी मोर्झिनला एकटाच सगळ्यांना चिरडत आला. मी टीव्हीसमोर टाळ्या वाजवल्या होत्या. मग डोपिंग टेस्ट पॉझिटिव्ह आली. तेव्हापासून आदल्या दिवशी वेळ गमावलेला रायडर उद्या उडायला लागला की टाळी वाजवायला हात उचलत नाही.

खडीचा_रस्ता:
दुखणं समजतं, पण इथे ते लावणं अन्याय आहे. लँडिसच्या बाबतीत टेस्ट होती, इथे काहीही नाही. आणि आदल्या दिवशी, शाम्पोल्यूला संपलेल्या एकोणिसाव्या स्टेजला, येट्सने गमावले ते २४ सेकंद, दहा मिनिटं नाही. वाईट दिवस आणि कोसळणं यात फरक आहे. ज्याने आधी व्हुएल्टा, स्पेनची अशीच तीन आठवड्यांची रेस, जिंकलीय तो एका घाटात दोन जणांना मागे टाकतो, यात अशक्य असं काय आहे?

जुना_प्रेक्षक:
आरोप करत नाहीये, माझा हात का उचलत नाही ते सांगितलं. व्हुएल्टाचा मुद्दा मात्र मान्य.

पोरगा_भारी_आहे:
डेल टोरोला सगळे झोडपताय म्हणून लिहितोय. तो टीमच्या लीडरचा, आयुसोचा, मदतनीस म्हणून आलेला. सोळाव्या स्टेजला सान व्हॅलेंटिनोच्या चढावर त्याचे पाय गेले, आघाडी २६ सेकंदांवर आली, सगळे म्हणाले संपला, आणि दुसऱ्याच दिवशी बोर्मिओला त्याने स्टेज जिंकली. त्यानंतर आयुसोने रेस सोडली आणि सगळा भार याच्यावर. ११ दिवस जर्सी सांभाळली, जिरोत गुलाबी घालणारा पहिला मेक्सिकन. फिनेस्त्रेवर त्याने जे केलं ते समजण्यासारखं आहे, त्याला वाटलं खरा धोका कारापाझ आहे कारण तोच जवळ होता. चूक आहे, पण २१ वर्षांच्या मुलाला कानात कोणीतरी स्पष्ट सांगायला हवं होतं की आता कारापाझला सोड, पुढच्याला धर. माझा राग टीम कारवर आहे.

चढणवेडा:
हे मात्र मला पटलं. मी सुरुवातीला जरा आडदांडपणे लिहिलं, ५ मिनिटांचा फरक त्या दोघांच्या भांडणाचा आहे हे मान्य करतो. जिरोच्या अंतिम एकूण वेळेत डेल टोरोवरची ३ मिनिटं ५६ सेकंदांची आघाडी हा आकडा येट्स किती सरस होता ते सांगत नाही. पण जर्सीबद्दल माझं मत तेच.

मागचा_गिअर:
मग एकच प्रश्न. येट्स सुटला तेव्हा फरक सेकंदांत होता, माथा अजून कितीतरी लांब. तेव्हा डेल टोरोने कारापाझकडे न बघता आपल्या वेगाने ओढलं असतं तर फरक पाऊण मिनिटावर रोखला असता की नाही? तेवढं झालं असतं तर व्हॅन आर्ट असूनही जर्सी वाचली असती.

चढणवेडा:
हेच तर मला दिसत नाही. येट्स सुटल्यावरही मधे मधे कारापाझ अटॅक करत होता आणि प्रत्येक वेळी डेल टोरो उडी मारून त्याच्या मागे जात होता, म्हणजे वेग नव्हता असं नाही, तरी फरक वाढतच होता. परत बघ तो भाग, खडी सुरू झाल्यापासूनचा, आणि मला सांग तिथे पाय शिल्लक दिसतात का.

मागचा_गिअर:
उडी मारणं आणि एका लयीत ओढणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. दर उडीनंतर दोघं थांबत होते आणि येट्स थांबत नव्हता. आज रात्री परत बघतो, पण उत्तर बदलेल असं वाटत नाही.