जपानच्या प्रवासी जहाजांवरून झालेल्या विमानवाहू नौका पाणबुड्यांपुढे निष्प्रभ का ठरल्या?

प्रश्न
निप्पॉन युसेन काइशा या कंपनीच्या निट्टा मारू, यावाता मारू आणि कासुगा मारू या जहाजांचे जपानी नौदलाने अनुक्रमे चुयो, उन्यो आणि ताइयो या विमानवाहू नौकांमध्ये रूपांतर केले. डिसेंबर 1943 ते सप्टेंबर 1944 या काळात या तिन्ही नौका अमेरिकी पाणबुड्यांनी बुडवल्या. अमेरिकेच्या बोग वर्गातील विमानवाहू नौका यांच्याहून लहान आणि संथ होत्या, तरी त्यांनी अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुड्यांना जेरीस आणले. मग जपानला हे का साधले नाही?

उत्तर १
मुख्य उणीव कॅटापल्टची, म्हणजे विमानाला झटका देऊन पट्टीवरून उडवणाऱ्या यंत्राची होती. चुयोची उड्डाणपट्टी सुमारे 172 मीटर लांब आणि कमाल वेग 21 नॉट (ताशी सागरी मैल). एवढ्या वेगाने मिळणाऱ्या समोरच्या वाऱ्यावर भार लादलेले विमान उचलायचे, तर पट्टीचा बराच भाग मोकळा ठेवावा लागे. बोग वर्गाचा वेग 18 नॉटच होता, परंतु कॅटापल्टमुळे ॲव्हेंजरसारखे जड विमानही तिथून सुटू शके.

उत्तर २
वरील मुद्दा रास्त असला, तरी माझ्या मते खरा दोष वापरात होता. या नौका बराच काळ जपानमधील योकोसुका बंदराहून पॅसिफिकमधील त्रुक या तळापर्यंत विमाने पोहोचवण्याच्या हमालीलाच जुंपलेल्या होत्या. व्यापारी ताफ्यांच्या रक्षणासाठी स्वतंत्र मुख्यालय जपानने स्थापले ते थेट नोव्हेंबर 1943 मध्ये, आणि पुढच्याच महिन्यात चुयो गेली.

उत्तर ३
चुयोच्या बाबतीत मात्र कॅटापल्ट असता तरी उपयोग नव्हता. 4 डिसेंबर 1943 च्या मध्यरात्रीनंतर, वादळात, सेलफिश या पाणबुडीने रडारच्या आधारे तिला गाठले. पहिल्या टॉर्पेडोने नाळेचा, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकाचा भाग तुटला आणि उड्डाणपट्टीचे पुढचे टोक खचले. पुढच्या जलरोधक भिंतींवर पाण्याचा दाब येऊ नये म्हणून कप्तानाने नौका उलटी, म्हणजे मागच्या बाजूने, योकोसुकाकडे चालवली. पहाटे दुसरा आणि सकाळी तिसरा हल्ला झाला, त्यानंतर ती काही मिनिटांत बुडाली. तिच्यावर स्कल्पिन या अमेरिकी पाणबुडीचे 21 युद्धकैदी होते. त्यांतला एकच वाचला. दैवाचा खेळ असा, की सेलफिश हीच 1939 मध्ये स्क्वॉलस या नावाने बुडाली असताना तिचा ठाव स्कल्पिननेच लावला होता.

प्रश्नकर्ता
सविस्तर माहितीबद्दल आभारी आहे. उन्योवरही युद्धकैदी होते का?

उत्तर ३
होय. स्कल्पिनचे उरलेले 20 जण त्याच ताफ्यातील उन्योवर होते आणि ते जपानला पोहोचले. उन्योला पुढे 17 सप्टेंबर 1944 रोजी दक्षिण चीन समुद्रात बार्ब या पाणबुडीने बुडवले. ती पाणबुडी त्या वेळी एका बुडालेल्या जपानी जहाजावरील युद्धकैद्यांना वाचवण्यासाठीच निघालेली होती.