शब्दचर्चा: 'हक्काची मेमरी' की 'राखीव मेमरी'?

उल्थापालथ: आयबीएमच्या पॉवर सर्व्हरवर एका यंत्रात अनेक पार्टिशनं, म्हणजे आपापली कार्यप्रणाली असलेले यंत्राचे वेगळे भाग, चालतात. 2009 साली पॉवर6 प्रोसेसरच्या यंत्रांवर 'ॲक्टिव्ह मेमरी शेअरिंग' आलं. ही सोय असलेल्या यंत्रांवर ती एकाच सामायिक साठ्यातून मेमरी उचलू शकतात. याच्या नियोजनावरचं टिपण मी नव्याने कामावर लागलेल्या मुलांसाठी मराठीत करतेय आणि 'एंटायटल्ड मेमरी'पाशी अडलेय. डिस्क आणि नेटवर्कच्या देवघेवीसाठी पार्टिशनला जेवढी खरीखुरी मेमरी हमखास मिळणार असते, तिला हे नाव आहे. मी 'हक्काची मेमरी' लिहिलं होतं, तपासणाऱ्याने ते खोडून 'राखीव मेमरी' केलं. तुम्ही काय म्हणाल?

रात्रपाळी: राखीव अजिबात नको. राखीव म्हटलं की वाचणाऱ्याला वेगळी काढून ठेवलेली वाटते. आमच्याकडे एका टिपणात हाच शब्द होता. नव्या मुलाने प्रत्येक पार्टिशनला नेमून दिलेल्या 32 जीबीवर ही मेमरी वरून मिळवली आणि बेरीज फुगवून ठेवली. खरं तर ती त्या 32 मध्येच धरलेली असते. देवघेव चालू असताना तिची पानं (मेमरीचे छोटे तुकडे) डिस्कवर ढकलता येत नाहीत, म्हणून तर हमी लागते. 'हक्काची' बरोबर आहे.

शुद्धमती: अर्थ पटला, पण 'हक्क' अरबी आहे. 'अधिकार-स्मृती' का नाही? पारिभाषिक शब्द संस्कृतातून घेतला की त्याची कुळी तयार होते: अधिकारी, अधिकृत, अनधिकृत. 'हक्क'वरून काय तयार होणार?

कासवगती: हक्कदार, बिनहक्काचा, हक्कभंग, हक्कसोड. पुरे का? आणि 'स्मृती' मला सर्व्हरच्या खोलीत कुणी म्हणताना दाखवा. मेमरीच म्हणतात. 'मेमरी कमी पडतेय' हे वाक्य मराठीच आहे.

शुद्धमती: बोलताना लोक काहीही म्हणतात, लिहिताना शिस्त हवी. 'महापौर' शब्दही आधी कुणी बोलत नव्हतं.

कासवगती: महापौर पाटीवर लागला, वर्तमानपत्रात रोज छापला गेला, म्हणून रुळला. तुमची 'अधिकार-स्मृती' कुठल्या पाटीवर लागणार आहे?

उल्थापालथ: बरं, मग 'ओव्हरकमिट'? साठा 64 जीबीचा, पार्टिशनं तीन, प्रत्येकाला 32 सांगितलेली. म्हणजे 96 कबूल केली, आहेत 64.

रात्रपाळी: यात दोन प्रकार आहेत आणि टिपणात ते वेगळे दिसलेच पाहिजेत. कागदावर 96 कबूल केली तरी एकाला दिवसा काम आणि दुसऱ्याला रात्री, असं असेल तर 64 मध्ये आरामात भागतं. नियोजन करायचं ते यासाठीच. पण तिन्ही एकदम जोरात आली आणि प्रत्यक्ष वापरच 64 च्या वर गेला, की हायपरवायझर (पार्टिशनांना मेमरी वाटून देणारी प्रणाली) पानं डिस्कवर ढकलतो आणि सगळं मंदावतं. म्हणून प्रत्येक पार्टिशनला पेजिंगची, म्हणजे ढकललेली पानं ठेवायची, डिस्क लागते, तीही त्याच्या कमाल मेमरीएवढी तरी.

भूमापक: पहिल्याला 'जादा कबुली' म्हणा, दुसऱ्याला 'तुटवडा'. कालव्याच्या पाण्यात नेमकं हेच होतं. लाभक्षेत्र कागदावर मोठं असतं, शेजपाळी, म्हणजे पाणी घेण्याची पाळी, नीट लागली तर निभतं. सगळ्यांनी एकाच दिवशी दारं उघडली की शेवटच्या शेताला पाणी पोचत नाही.

उल्थापालथ: 'जादा कबुली' आवडलं. घेतेय.

शुद्धमती: कबुलीही अरबीच.

कासवगती: जादासुद्धा बाहेरूनच आलाय, तो राहिला तुमचा. एक विचारू का? मूळ प्रश्नात 'सामायिक' लिहिलंय. सातबाऱ्यावर मी 'सामाईक क्षेत्र' वाचत आलोय. बरोबर कुठलं?

शुद्धमती: सामायिक. ऱ्हस्व यि. 'सामाईक' हे बोलीतलं रूप.

कासवगती: जैनांमध्ये 'सामायिक' म्हणजे 48 मिनिटं समभावाने बसणं. आमच्या शेजारच्या आजी रोज करायच्या. ते सामायिक आणि हे सामायिक एकच? मला वाटतं 'सम'वरून दोन्ही आले असावेत, सगळ्यांना सम ते सामायिक.

शुद्धमती: जैन शब्द 'समय'शी जोडतात. नुसत्या ध्वनिसाम्यावर व्युत्पत्ती लावू नये.

कासवगती: मग मालमत्तेचा 'सामायिक' कुठून आला, ते सांगा ना.

भूमापक: ते होईल तेव्हा होवो. मला 'पार्टिशन'बद्दल बोलायचंय. त्याला 'पोटहिस्सा' का म्हणू नये? एक गट नंबर, त्यात पोटहिस्से, प्रत्येकाचा धारक वेगळा. यंत्र एक, त्यात पार्टिशनं, प्रत्येकाची कार्यप्रणाली वेगळी.

रात्रपाळी: पोटहिस्सा जमिनीवर आखलेला असतो. ही मेमरी मिनिटामिनिटाला इकडून तिकडे जाते, हद्दीचे दगड नाहीत. पार्टिशन राहू द्या.

शुद्धमती: 'फाळणी' आहे की. मराठीच शब्द.

कासवगती: फाळणी म्हटलं की 1947 डोळ्यांपुढे येतं. यंत्राला लावू नका.

भूमापक: हे मान्य नाही. भूमी अभिलेखात 'फाळणी बारा' म्हणून कागद आहे, पोटहिस्स्यांच्या मोजणीचा. माझी सगळी नोकरी त्या कागदांवर गेली. त्या शब्दात दुःख नाही, मापं आहेत. शहरात वाढलेल्यांना शब्दाचा एकच अर्थ ठाऊक असतो आणि मग तो शब्द सगळ्यांसाठी बाद होतो.

उल्थापालथ: ऐकतेय. पण 'हक्काची' आणि 'राखीव' यावर अजून दोन मतं हवीत. टिपण उद्या परत जातंय, आणि तपासणाऱ्याला 'हक्काची' फार घरगुती वाटते.

रात्रपाळी: तर 'हमीची' लिहा. पण राखीव नको.

शुद्धमती: हमी फारसी दिसतो.

भूमापक: 'आकारफोड'बद्दल कुणी सांगेल का? तोही मोजणीतलाच शब्द, आणि हल्लीच्या मुलांना तो वाचून उलगडत नाही.