अनुभव धागा: पॅड सोडलं, मग पुढं?

पाळीचा कप (आत बसवून रक्त साठवायचा, धुवून परत वापरायचा छोटा मऊ पेला) किंवा धुवायची पॅड वापरणाऱ्यांचे अनुभव वाचायला मिळतात ते बहुतेक पुण्या-मुंबईचे. त्यांत बाथरूम स्वतःची असते, गॅलरीत ऊन येतं आणि घरात विचारणारं कोणी नसतं. आपल्याकडं कोल्हापुरात पेठेतल्या घरात न्हाणी एक आणि माणसं सात, दोरी समाईक, आणि जुलैमध्ये कपडे आठवडाभर दमट. बाई कशावर टिकते आणि काय सोडून देते हे तिच्या निश्चयापेक्षा न्हाणीच्या कडीवर जास्त ठरतं, असं माझं मत आहे. तुम्हाला पटत नसेल तर तसं लिहा.

कप, कापडी पॅड, पिरियड पॅन्टी (रक्त शोषणारी, धुवायची चड्डी), काहीही चालेल. सुरू करून सोडलं असेल तर ते आधी लिहा. नाव नको, पेठ किंवा गाव आणि काम एवढं पुरे. पृथ्वी वाचवायचं भाषण नको. कुठं धुतलं, कुठं वाळवलं, घरात कोण काय बोललं, ते हवं. सुरुवात मी करते.

राजारामपुरी, खासगी क्लासमध्ये शिकवते

कप वापरते. पहिले दोन-तीन महिने गळायचा, म्हणून सोबत पॅड असायचंच. आत गेल्यावर कप पूर्ण उघडत नव्हता, एवढंच कारण. बुडाशी बोट फिरवून बघायचं, कुठं चेपलेला लागला तर जरासा फिरवायचा. व्हिडिओत सगळ्या जणी इंग्रजी सी अक्षरासारखी घडी दाखवतात, ती मला कधीच जमली नाही. कडेचा एक भाग आत दाबून टोक निमुळतं करायची घडी जमली. काढताना नुसती दांडी ओढायची नाही, बुड चिमटीत दाबायचं, हवा सुटते, मग तो निघतो.

पण आमची खरी अडचण न्हाणीत नव्हती, स्वयंपाकघरात होती. कप दर पाळीला पाच-दहा मिनिटं उकळायचा असतो. सासूबाई देवाचं सोवळं पाळतात. त्यांच्या गॅसवर हे कसं ठेवू? पातेलं वेगळं आणलं तरी गॅस तोच. शेवटी माडीवर छोटी इंडक्शन शेगडी घेतली. कपापेक्षा शेगडी महाग पडली. विचारलं असतं तर कदाचित त्या हो म्हणाल्या असत्या. मी विचारलंच नाही.

करवीर तालुका, महिला बस कंडक्टर

मी पहाटे घर सोडतो ते रात्री परत. लांबच्या गाडीला पॅड बदलायचं म्हणजे स्टँडवर उतरा, कॅशची बॅग गळ्यात, आत दाराला कडी नाही, टाकायला डबा नाही. मग ते कागदात गुंडाळून स्वतःच्या बॅगेतनंच परत आणायचं. उन्हाळ्यात त्याचा वास मलाच येतोय का शेजारच्या पॅसेंजरला पण, ह्यातच निम्मा जीव जायचा. मांड्या सोलवटायच्या ते वेगळंच.

बहिणीनं कप आणून दिला. पाकिटावर बारा तास लिहिलेलं असतं. दुसऱ्या दिवशी मला काय बारा तास पुरत नाही, मधी एकदा ओतायला लागतंय. पाण्याची बाटली आत न्यायची, ओतायचं, बाटलीनंच धुवायचं, परत लावायचं. बेसिनपर्यंत जायची गरज नाही. हात मात्र आधी धुवून जायचं, साबणाचे कागद मिळतात ते खिशात ठेवायचे. नव्या पोरींना एकच सांगतो, पहिल्यांदा सुट्टीला घरात लावून बघा, ड्यूटीवर प्रयोग नको.

मंगळवार पेठ, वय ७० च्या पुढं, नातीकडून लिहून घेतलंय

नात म्हणाली, आज्जी तुम्ही तर पहिल्यापासनं हेच करत होता की. होय, करत होतो. पण ते सुखाचं नव्हतं बाई. जुन्या लुगड्याचे धडपे असायचे. पुढं नायलॉनच्या साड्या आल्या तसं सुती फडकं पण घरात गावंना. चार दिवस कडेला. हौदाला शिवायचं नाही, म्हणजे धुवायला पाणी दुसरीनं वरनं ओतायचं, ते पण तिच्या सवडीनं आणि मर्जीनं. साबण असल्याला वापरायचा नाही. वाळत घालायचं गोठ्यात म्हशींच्या मागच्या दोरीवर, वरनं परकर टाकून. त्या फडक्याला जन्मात ऊन लागलं नाही. कडक, ओलसर तसंच परत घ्यायचं. खाज सुटायची, अंगावरनं पांढरं जायचं. सांगणार कुणाला?

आता पोरी म्हणतात, जुन्या बायकांचं सगळं निसर्गाला धरून होतं. कापड चांगलंच होतं गं. आमचं हाल केलं ते त्या दोरीनं. नात तिची पॅडं गच्चीवर भर उन्हात घालती, शेजारच्या बिल्डिंगीतनं दिसत्यात. पहिल्यांदा मलाच कसंतरी झालं. मग म्हटलं, दिसूदेत.

शाहूपुरी, स्त्रीरोगतज्ज्ञ

आज्जींनी दोन ओळींत जे सांगितलं त्यावर मी पेशंटपुढं अर्धा तास बोलते. दमट कापडात जंतू आणि बुरशी वाढते. कापडी पॅड आधी थंड पाण्यात टाका, गरम पाण्यानं रक्ताचा डाग पक्का बसतो. मग साबणानं धुवा, साबण पूर्ण निघू द्या आणि पूर्ण वाळल्याशिवाय कपाटात ठेवू नका. कपडे मऊ करायचं द्रव्य घालू नका, त्यानं कापड शोषायचं थांबतं.

कपाबद्दल एक गोष्ट दुकानात सहसा सांगत नाहीत. तांबी (गर्भ राहू नये म्हणून गर्भाशयात बसवतात ती कॉपर-टी) बसवलेली असेल तर कप सुरू करण्याआधी डॉक्टरांशी बोला. हवा न सोडता कप ओढला तर तांबी सरकू शकते. टॉक्सिक शॉक हा जंतुसंसर्ग कपातही नोंदला गेलाय, पण फार दुर्मीळ. जोराचा ताप, अंगावर पुरळ, चक्कर असं झालं तर कप काढा आणि थेट दवाखाना गाठा. २०१९ मध्ये 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ'मध्ये ४३ अभ्यासांचा एकत्र आढावा आला होता, त्यात सुमारे ३,३०० बायका-मुली होत्या. कपाची गळती पॅड-टॅम्पॉनइतकी किंवा त्याहून कमी निघाली आणि वापरून बघितलेल्यांतल्या सुमारे ७० टक्के जणींना पुढंही कपच हवा होता. हात बसायला काही महिने लागतात हेही त्यातच आहे, त्यामुळं पहिल्या पाळीत रडू नका.

मला डॉक्टर म्हणून कप आवडतो तो वेगळ्याच कारणानं. बायका सांगतात, 'वाटी वाटी जातं हो'. एका पाळीत साधारण ३० ते ४० मिली रक्त जातं. कपावर खुणा असल्या तर मोजता येतं. ८० मिलीच्या वर जात असेल तर हिमोग्लोबिन तपासायलाच हवं. कित्येक जणी वर्षानुवर्षं अंगातलं रक्त कमी झालेलं घेऊन उसाच्या रानात राबत असतात.

फुलेवाडी, इंजिनिअरिंग तिसरं वर्ष

मम्मीनं कपाचा खोका बघितला आणि पहिलं वाक्य, 'लग्नाआधी हे असलं नको.' मी वाद घातला, ती रडली. मग बाबांनी विचारलं काय झालं, तेव्हा आम्ही दोघी एकदम गप्प! सध्या कापडी पॅडवर तडजोड आहे. ती स्वतः पण वापरायला लागलीये, हे तिनं मला सांगितलं नाही, दोरीवर मोजल्यावर कळलं. डॉक्टर मॅडम, मम्मीला काय सांगू?

शाहूपुरी, स्त्रीरोगतज्ज्ञ

कपानं योनिमुखाचा पडदा ताणला जाऊ शकतो, ते नाकारू नकोस. पण तो पडदा प्रत्येकीचा वेगळा असतो आणि बघून कौमार्य सांगता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं आणि संयुक्त राष्ट्रांच्या दोन संस्थांनी २०१८ मध्ये असल्या तपासण्या बंद करा असं स्पष्ट सांगितलंय. मम्मीला घेऊन ये, फी नको. आणि कापडी पॅडवर सुखात असाल तर कप घेतलाच पाहिजे असंही काही नाही.

शाहूपुरी कुंभार गल्ली, गृहिणी

२०१९ चा महापूर. पंचगंगेचं पाणी गल्लीत शिरलं, आम्ही अंगावरच्या कपड्यांनी शाळेत राहायला गेलो. माझी कापडी पॅड घरात, कपाटासकट पाण्यात. शहरभर पाणी आणि नळाला थेंब नाही, कारण उपसा पंपच बुडालेले. टँकर आला की घागर प्यायला ठेवायची का फडकं धुवायला? तेव्हा मदतीत आलेली विकतची पॅड मिळाली आणि ती बघून मला बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. २०२१ ला परत पाणी आलं तेव्हा मी कपावर आले होते. कपाला तांब्याभर पाणी पुरतं. पण शाळेत इतक्या जणींत उकळायचा कुठं, हा प्रश्न होताच. घरी परत गेल्यावर उकळला. आता पावसाळ्यात एक पिशवी भरून ठेवते. त्यात कागदपत्रं, औषधं, कप आणि विकतच्या पॅडचं एक पाकीट. ज्यांच्या घरात पाणी येतं त्यांनी एकाच गोष्टीवर विसंबू नये.

बँकेत नोकरी, ताराबाई पार्क

कप जमला नाही. दुखायचं, दोन आकार बदलले, तरी दुखायचं. सोडला. वाईटबिईट काही वाटत नाही.

तालमीत जाणारी, बारावी

मॅटवर पिरियड पॅन्टी घालतो, वरनं कॉस्च्युम. पॅड असताना लक्ष पकडीत कमी आणि पॅड सरकलं का ह्यातच जास्त असायचं. सर पुरुष आहेत, त्यांना काय सांगायची वेळच आली नाही, बरं झालं.

राधानगरी तालुका, आशा (गावातली आरोग्य सेविका)

२०१८ ला अस्मिता योजना आली. शाळेच्या पोरींना ५ रुपयांत ८ पॅडचं पाकीट, बचत गटातनं वाटायचं. आमच्या वाडीत पॅड पोचलं ते असं. पण वापरलेलं टाकायचं कुठं, हे कुणी शिकवलं नाही. ओढ्यात, उकिरड्यावर, नाहीतर उसाचा पाला पेटवताना त्यात. ते नीट जळत पण नाही, आतल्या जेलचा गोळा तसाच राहतोय.

आता मला मीटिंगीत विचारतात, बाई कपाचं सांगा. ज्या घरात संडासाला दार म्हणून पोतं टांगलंय तिथल्या सुनेला मी कप कुठल्या तोंडानं सांगू? तिला कापडी पॅड जमतंय. धुण्याच्या पाटीत घालून नेती, कुणाला कळत नाही. ऊन मात्र जूनपासनं गायब. चुलीच्या वरच्या दांडीवर वाळवतात. सासवा बडबडतात, पण पाऊस चार महिने आहे, सासू तरी किती बडबडणार.

होस्टेल, मूळ गाव आजरा

कापडी पॅड आणली आणि पावसाळ्यात बंद केली. खोलीत चौघी, खिडकी एक, त्यात दोरीला दमटपणाचा वास. पिरियड पॅन्टी चालते, कारण ती बाकीच्या कपड्यांत कपड्यासारखीच दिसते. वाळायला मात्र दीड-दोन दिवस लागतात, म्हणजे जास्त नग हवेत आणि एकेक नग महाग. गौरी-गणपतीला घरी गेले की कापडी पॅडच.

कसबा बावडा, कॉलेज आणि पार्टटाइम नोकरी

माझी आई कचरा वर्गीकरणाच्या कामाला आहे. कचऱ्याच्या सरकत्या पट्ट्यावर पॅड येतात, उघडी. ती हातानं बाजूला करते. हातमोजे फाटलेले असले तर फाटलेल्यांनीच. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांतच सरळ लिहिलं होतं, वापरलेलं पॅड कंपनीनं दिलेल्या पाकिटात किंवा कागदात नीट गुंडाळून द्यायचं. मी आमच्या घराच्या मागच्या अपार्टमेंटमध्ये सांगायला गेले तर एक काकी म्हणाल्या, 'आम्ही घरपट्टी भरतो की.' तुम्ही कप वापरा नाहीतर वापरू नका, मला त्यात पडायचं नाही. पॅड वापरत असाल तर गुंडाळा आणि वर पेनानं लाल फुली मारा. मी स्वतः कप वापरते. आई वापरत नाही, तिला तो नको वाटतो.

इचलकरंजी, शिवणकाम

वर सगळ्यांनी कापडी पॅड म्हटलंय, पण कुठलं कापड ते एकीनंही लिहिलं नाही. आतल्या थरांना सुती फलालीन घ्या, चार-पाच पदर. अंगाला लागणारा पदर साध्या सुती कापडाचा. खाली न गळणारं पातळ लॅमिनेटचं कापड मिळतं, ते एकच पदर. रेनकोटाचं घालू नका, घाम धरतं. पंखांना टिचबटण लावा, वेलक्रो चड्डीला ओरबाडतं आणि धुण्यात बाकीच्या कपड्यांना चिकटतं. नवं कापड शिवण्याआधी दोनदा धुवून घ्या, नाहीतर पॅड नंतर आखडतं आणि शोषत पण नाही.

आणि होस्टेलच्या ताईला: सगळे पदर एकत्र शिवू नका. वरचं पाकीट वेगळं आणि आत सरकवायची घडी वेगळी अशी शिवा. घडी उलगडली की पातळ रुमाल होतो, पंख्याखाली रातोरात वाळतो. काळ्या-मरून रंगात शिवून मागतात सगळ्या, मी शिवून देते, पण फिकट रंगात डाग निघाला का नाही ते तरी दिसतं.