भावालाही अँटीबॉडी, मावशीलाही अँटीबॉडी... एकाची इम्युनिटी कमी करायची आणि एकीची वाढवायची, हे कसं काय?

टॉवेल_हिशोब (सोलापूर)

नमस्कार मंडळी. डोक्यात नुसता गोंधळ झालाय म्हणून विचारते, जाणकारांनी सांगा. माझा धाकटा भाऊ, वय २९, अक्कलकोट रोड एमआयडीसीत कामाला आहे. बरीच वर्षं कंबर दुखते, सकाळी उठल्यावर पाऊण तास तर वाकताच येत नाही, आणि गंमत म्हणजे कामावर फिरायला लागला की बरं वाटतं, रविवारी घरी लोळला की जास्त दुखतं. गाद्या बदलल्या, मालिशवाले झाले, शेवटी संधिवाताच्या डॉक्टरांनी एमआरआय आणि एचएलए-बी२७ ही रक्ताची तपासणी करून अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस (सूज येऊन मणके हळूहळू जखडायचा संधिवात) सांगितलं. दोन प्रकारच्या दुखण्याच्या गोळ्या झाल्या, फरक थोडाच, वर ॲसिडिटी. आता म्हणतात अ‍ॅडालिमुमॅब चालू करू, दर १५ दिवसांनी एक इंजेक्शन, त्यानं इम्युनिटी थोडी दबेल, आधी टीबीची तपासणी करून या.

आणि आमची मावशी, विडी घरकुलात राहते, आयुष्यभर विड्या वळल्या आणि मिसरी लावली, तिला तोंडाचा कॅन्सर परत आलाय. तिला निवोलुमॅब म्हणून इंजेक्शन दर तीन आठवड्यांनी, सोबत गोळ्या. तिथले डॉक्टर म्हणाले ह्यानं शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरवर तुटून पडेल. दोन्ही औषधं अँटीबॉडीच आहेत असं दोन्हीकडे सांगितलं. मग एकाच जातीचं औषध दोन उलटी कामं कशी करतं?

अजून एक, मावशीला म्हणे "कमी डोस" देतायत, २० मिलीग्रॅम. गरीब म्हणून कमी देतायत का, हे विचारायची घरात कुणाची हिंमत नाही.

लूमघरचा_बायोटेक

ताई, प्रश्न एकदम बरोबर आहे, आमच्या एमएस्सीच्या वर्गात पण निम्म्या पोरांना हे नीट सांगता आलं नसतं.

अँटीबॉडी स्वतः इम्युनिटी वाढवणारी पण नसते आणि कमी करणारी पण नसते. ती फक्त एक ठराविक गोष्ट ओळखते आणि तिलाच घट्ट धरते, बाकी कशाला हात लावत नाही. काय धरलं त्यावर पुढचं सगळं ठरतं.

तुमच्या भावाच्या केसमध्ये ती टीएनएफ नावाचं प्रोटीन धरते. टीएनएफ म्हणजे शरीराचा सूज आणायचा निरोप. जंतू आले की हा निरोप जायलाच पाहिजे, पण ह्या आजारात कारण नसताना मणक्याच्या आणि कमरेच्या तळाच्या सांध्यांत तो सारखा चालूच राहतो. अ‍ॅडालिमुमॅब त्या प्रोटीनला वाटेतच पकडतं, पेशीपर्यंत पोचूच देत नाही, सूज उतरते.

मावशींच्या केसमध्ये निवोलुमॅब टी-पेशींवरच्या (शरीराच्या लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) पीडी-१ ह्या रिसेप्टरवर, म्हणजे निरोप घ्यायच्या खाचेवर, जाऊन बसतं. आता हे सोलापुरी भाषेत सांगतो. लूमवर ताण्याचा धागा तुटला की माग आपोआप थांबायची सोय असते ना, नाहीतर सगळं कापड खराब. टी-पेशींना पण तशी थांबायची सोय आहे, पीडी-१ त्यातलीच एक, नाहीतर त्या आपल्याच अवयवांवर सुटतील. कॅन्सरच्या पेशी लबाड, त्या पीडी-एल१ हे पीडी-१ ला दाबणारं प्रोटीन दाखवून धागा तुटलेला नसताना माग बंद पाडतात. औषध त्या जागी बसलं की त्यांना बंद पाडता येत नाही. म्हणजे मावशींची इम्युनिटी "वाढवली" असं नाही, आहे तिलाच काम करू दिलं.

पीडी-१ शोधलं क्योटोच्या तासुकू होंजो यांच्या लॅबनं, १९९२ ला. जेम्स ॲलिसन यांनी सीटीएलए-४ ह्या टी-पेशींच्या दुसऱ्या थांबायच्या सोयीवर अमेरिकेत तसंच काम केलं आणि दोघांना २०१८ चं मेडिसिनचं नोबेल मिळालं. त्याच वर्षी केमिस्ट्रीचं नोबेल ज्या तिघांना मिळालं त्यातले एक ग्रेगरी विंटर, आणि भावाचं अ‍ॅडालिमुमॅब त्यांच्याच फेज डिस्प्ले (विषाणूंवर अँटीबॉडीचे तुकडे लावून हवी ती निवडायच्या) तंत्रातून आलेलं! तुमच्या एकाच घरात एकाच वर्षाची दोन नोबेलं आलीत बघा.

आणि ह्या सगळ्याचं मूळ १९७५ चं, केंब्रिजला कोहलर आणि मिलस्टाईन यांनी उंदराची अँटीबॉडी बनवणारी पेशी एका कॅन्सरच्या पेशीशी जोडली, त्यामुळे ती मरेना आणि एकाच प्रकारची अँटीबॉडी करत राहिली. त्याचं पेटंटच घेतलं नव्हतं कुणी. आज ह्या इंजेक्शनांच्या किमती बघितल्या की ते आठवून हसावं का रडावं कळत नाही. सुरुवातीची औषधं उंदराची असल्यामुळे माणसाचं शरीर त्यांच्यावरच उलटायचं, म्हणून हळूहळू माणसाच्या अँटीबॉडीसारख्या करत नेल्या. अ‍ॅडालिमुमॅब हे पूर्ण मानवी असं पहिलं, २००२ ला मंजूर झालं.

काढा_किंग

एवढं महाग इंजेक्शन कशाला ताई, गुळवेल, हळद आणि तुळस सकाळी उपाशीपोटी, इम्युनिटी दोघांचीही एकदम टाईट होईल

जुळे_सोलापूरकर

अरे काय बे काढा किंग, भावाची इम्युनिटी आधीच गरजेपेक्षा जास्त खवळलीय, ती अजून टाईट करून काय मणका जोडून टाकतोस का त्याचा? आणि गुळवेलीनं लिव्हरला सूज आलेल्या केसेस मुंबईच्या डॉक्टरांनी कोविडच्या काळात छापल्यात, जरा वाच.

ताई, मला हाच आजार आहे, अ‍ॅडालिमुमॅबवर आहे, म्हणून अनुभवाचं सांगतो. टीबीची तपासणी अजिबात टाळू नका, भाऊ "मला कुठं खोकला आहे" म्हणेल, मी पण तेच म्हणलो होतो. आपल्याकडे खूप जणांच्या अंगात टीबीचे जंतू झोपलेले असतात आणि शरीर त्यांच्याभोवती पेशींची गाठ करून त्यांना कोंडून ठेवतं, ती गाठ टिकवायला टीएनएफ लागतं. तेच अडवलं की जंतू बाहेर. म्हणून छातीचा एक्सरे आणि मॅन्टू (हातावर कातडीत टोचून बघतात) किंवा इग्रा (रक्ताची तपासणी). लहानपणीच्या बीसीजी लसीमुळे मॅन्टू उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते, इग्राला त्यानं फरक पडत नाही. पॉझिटिव्ह आलं तरी घाबरायचं नाही, आधी टीबी रोखायच्या गोळ्या चालू करतात आणि साधारण महिन्यानं इंजेक्शन. हिपॅटायटिस बी आणि सी पण बघतात.

बाकी इंजेक्शन फ्रीजमध्ये २ ते ८ डिग्रीत ठेवायचं, फ्रीझरला चुकून पण नाही, गोठलं की गेलं. आपल्या मे महिन्यात मेडिकलवरून घरी आणताना आईस पॅकचा डबा न्या, टू व्हीलरच्या डिकीत ठेवून नवी पेठेत खरेदी करत बसू नका. टोचायच्या आधी १५-२० मिनिटं बाहेर काढून ठेवलं की झोंबत नाही. ताप आला तर त्या आठवड्याचा डोस डॉक्टरांना विचारूनच. जिवंत विषाणूच्या लसी चालत नाहीत.

खर्चाचं म्हणाल तर ओरिजिनलच्या मागं लागू नका, बायोसिमिलर (दुसऱ्या कंपनीनं बनवलेलं तसंच औषध) विचारा. अ‍ॅडालिमुमॅबचं जगातलं पहिलं बायोसिमिलर आपल्याकडेच निघालं, झायडसनं डिसेंबर २०१४ ला काढलं, आता अजून कंपन्या आहेत. आणि व्यायाम सोडायचा नाही, औषधानं सूज उतरते, पाठ लवचिक ठेवायचं काम व्यायामाचंच आहे.

परळ_वारी

कमी डोसचं मी सांगते, माझ्या सासऱ्यांच्या वेळी सिद्धेश्वर एक्सप्रेसनं टाटाला जाऊन जाऊन हे सगळं पाठ झालंय.

गरीब म्हणून अर्धवट देतायत असं नाहीये ताई. पूर्ण डोस दर दोन आठवड्यांनी २४० मिलीग्रॅमचा असतो आणि तो आपल्याकडे फार थोड्यांना परवडतो, बाकीच्यांना काहीच मिळायचं नाही. म्हणून टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी १५१ पेशंटवर रीतसर ट्रायल केली, डोक्या-मानेचे कॅन्सर (तोंडाचा त्यातच येतो), बरे होण्याच्या पलीकडे गेलेले. निम्म्यांना मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब, एर्लोटिनिब ह्या गोळ्या, निम्म्यांना त्याच गोळ्या अधिक २० मिलीग्रॅम निवोलुमॅब दर तीन आठवड्यांनी. वर्षानंतर नुसत्या गोळ्यांवाल्यांपैकी १६.३ टक्के हयात होते, इंजेक्शनवाल्यांपैकी ४३.४ टक्के. कॅन्सरच्या मोठ्या जर्नलमध्ये छापून आलंय. मावशींची गोळ्यांची चिठ्ठी बघा, बहुतेक हीच नावं असतील.

पूर्ण डोसशी थेट तुलना त्या ट्रायलमध्ये नव्हती, हे पण खरं सांगते. पण थोड्याच औषधानं टी-पेशींवरच्या बहुतेक पीडी-१ जागा भरतात, हे आधीच्या अभ्यासांत दिसलं होतं, त्यावरूनच ही कल्पना आली. आणि ताई, वर लिहिलेले आकडे परत वाचा, हा आजार मुळापासून जाईल असं मावशींना सांगू नका. वेळ मिळतो, गिळायला बोलायला जरा सुसह्य होतं, काहींना बराच जास्त वेळ मिळतो.

पैशासाठी महात्मा फुले योजनेचा आरोग्यमित्र हॉस्पिटलमध्येच बसतो, त्याला औषधाचं नाव लिहून दाखवा, कुठलं पॅकेज बसतं ते तोच सांगेल. दर वेळी मुंबई झेपत नसेल तर बार्शीचं नर्गिस दत्त हॉस्पिटल आहे, टाटाशी जोडलेलं, तिथं हे चालू ठेवता येईल का ते टाटातच विचारून घ्या.

टॉवेल_हिशोब

खूप खूप आभार सगळ्यांचे. चिठ्ठी बघितली, तीच तिन्ही नावं आहेत. आईला वाचून दाखवलं, ती म्हणाली आधी का नाही विचारलंस.

आता एक शंका, मावशीचा माग थांबूच दिला नाही तर मग तो तिच्याच अंगावर चालणार नाही का? दोन दिवस झाले तिला जुलाब होतायत, घरात सगळे म्हणतायत शेंगा चटणी जास्त झाली.

लूमघरचा_बायोटेक

ताई हे वाचल्या वाचल्या डॉक्टरांना फोन करा, उद्यावर ढकलू नका. चटणी असेलही, पण ह्याच औषधानं टी-पेशी आतड्यावर सुटतात आणि कोलायटिस, म्हणजे आतड्याला सूज, होतो, तसंच थायरॉईड, फुफ्फुस, लिव्हर, कुठंही होऊ शकतं. कमी डोसवर पण. घरच्या घरी जुलाब बंद करायची गोळी देऊन दाबू नका, दिवसातून किती वेळा होतंय, रक्त पडतंय का, ते लिहून ठेवून सांगा. सहसा निवोलुमॅब थांबवून स्टेरॉईड देतात आणि तेवढ्यानं नाही भागलं तर काय देतात माहितीये? इन्फ्लिक्सिमॅब. भावाच्या इंजेक्शनचंच भावंड, तेही टीएनएफ धरणारं. एका अँटीबॉडीनं सोडलेला गोंधळ दुसऱ्या अँटीबॉडीनं आवरायचा.

टॉवेल_हिशोब

फोन केला. उद्या सकाळी घेऊन या म्हणालेत, रक्त आणि संडास दोन्ही तपासणार. चटणी तोवर बंद, मावशी चिडलीय. भावाच्या इग्राचं सॅम्पल परवा द्यायचंय, जुळे सोलापूरकर, सात रस्त्याच्या आसपास होतं का हो ते, का पुण्याला पाठवतात? रिपोर्टला किती दिवस?

जुळे_सोलापूरकर

सॅम्पल इथंच घेतात, पुढं पाठवतात. माझा तीन-चार दिवसांत आला होता. उपाशीपोटी जायची गरज नाही, त्याला चहा पिऊन पाठवा.