शब्दचर्चा: परीक्षक खूश होऊन ‘चार’ म्हणतात, तेव्हा मराठीत काय लिहायचं?

उपशीर्षकवाली
एका परदेशी पाककला-स्पर्धेच्या भागांना मराठी उपशीर्षकं द्यायचं काम हातात आहे आणि एका शब्दापाशी गाडी अडली आहे. स्पर्धक कोबीचा जाड काप कोरड्या बिडाच्या तव्यावर दाबून धरतो. कडा पार काळ्या होतात. परीक्षक सुरीच्या टोकाने काप उलटा करतात, खालची काळी बाजू बघतात आणि खुशीत म्हणतात, ‘लव्हली चार!’ ‘छान करपलंय’ लिहावं, तर तपासनीस विचारतात की करपलं म्हणजे बिघडलं, मग परीक्षक हसतायत कशाला? ‘खरपूस’ लिहावं, तर त्यांचं म्हणणं की खरपूस तांबूस असतं, इथे तर काळं दिसतंय. ‘चार’ तसंच ठेवलं, तर ‘सुंदर चार’ वाचून सगळे आकडाच समजतील, आणि हे दृश्य नेमकं गुण देण्याच्या वेळचं आहे. ओळीत चाळीसेक अक्षरं मावतात, त्यामुळे स्पष्टीकरणाला जागा नाही. मुद्दाम काळं केलेलं आणि चांगलं, असं एका शब्दात म्हणता येईल का?

मऊभात
खमंग!

जुनी वही
खमंग हा वासाचा शब्द आहे. थालीपीठाची भाजणी भाजताना शेजारच्या घरात कळतं ते खमंग. इथे परीक्षकांनी अजून वासही घेतलेला नाही, ते रंग बघून बोलतायत.

मला यात खरी अडचण क्रियापदाची वाटते. भात करपतो, दूध लागतं, पोळी जळते. सगळी अकर्मक. आपल्या हातून निसटलेल्या गोष्टी आहेत या, कोणी ठरवून केलेल्या नाहीत. ‘करपवणे’ आहे, पण ते फक्त रागावताना ऐकलंय: ‘करपवलीस ना भाजी?’ म्हणजे त्या धातूतच दुर्लक्ष भरलेलं आहे. त्याच्या मागे ‘छान’ लावून तो सुधारत नाही. तपासनीसांचं बरोबर आहे.

तापीकाठ
करपणं सोडा, जाळणं घ्या. खानदेशात काळ्या मसाल्याच्या भाजीसाठी कांदा आणि सुकं खोबरं सरळ विस्तवावर टाकतात. खोबऱ्याची वाटी पेट घेते, ती पेटू द्यायची, मग फुंकून विझवायची. ‘खोबरं नीट जाळ, पांढरं राहिलं तर रस्सा फिका येतो’ असं आमच्याकडे रोज बोललं जातं. यात कुठे चूक आहे, कुठे दुर्लक्ष? भरीताचं तेच. हिरवी वांगी तुरीच्या नाहीतर कपाशीच्या काड्यांच्या जाळावर ठेवायची आणि साल कोळसा होऊन तडकेपर्यंत हलवायची नाहीत. साल काढली तरी त्या जाळाचा वास गरात उतरलेला असतो. गॅसवर जाळी ठेवून भाजलेल्या वांग्याला तो येत नाही, हे आमच्याकडचं लहान पोरही ओळखतं. जळगावच्या भरीताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण वांग्याइतकंच श्रेय जाळाचं आहे.

तेव्हा ‘छान जाळलंय’ लिहा. मराठीच आहे. फक्त पुण्याची नाही.

पाटपाणी
तापीकाठ, प्रमाण मराठीत ‘भाजी जाळली’ म्हणजे काय ते तुम्हालाही माहीत आहे. उपशीर्षकं सिंधुदुर्गापासून गोंदियापर्यंत सगळे वाचणार. एका भागातला स्वयंपाकाचा शब्द सगळ्यांवर लादायचा कसा?

तापीकाठ
‘खरपूस’ कुठल्या भागातून लादला गेला, तेही सांगा मग.

दूधखुळा
खरपूसवरून आठवलं. ‘खर’ म्हणजे संस्कृतात कठीण, तीक्ष्ण. आणि ‘पूस’ म्हणजे कापसातला ‘पूस’, मऊ. बाहेर कडक, आत मऊ, ते खर-पूस. कोबीच्या कापाला चपखल बसतो की नाही?

जुनी वही
‘खर’पर्यंत तुमच्याबरोबर आहे. पुढचं पटत नाही. कापूस शब्द ‘कार्पास’वरून आला, त्यातला ‘पूस’ वेगळा तोडून त्याला मऊपणा कसा चिकटवणार? आणि ‘खरपूस समाचार घेतला’ यात मऊ काय असतं?

दूधखुळा
खरपूस समाचारातसुद्धा मारणाऱ्याला आतून माया असू शकते. माझी व्युत्पत्ती मी मागे घेत नाही.

भट्टीवरचा
मी बेकरीत काम करतो, म्हणून रंगांबद्दल बोलतो. पाव, बिस्किटं, मटण, कांदा यांवर जो तांबूस रंग येतो तो मुख्यतः मेयार अभिक्रियेचा. लुई-कामिय मेयार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली ती मांडली. प्रथिनांतली अमिनो आम्लं आणि साखर एकत्र तापली की होते, आणि साधारण १४० अंश सेल्सियसच्या पुढे तिचा वेग चांगला वाढतो. नुसती साखर तापवून तिचं कॅरमल होतं ते आणखी वर, १६० च्या आसपास. हे दोन्ही टप्पे ‘खरपूस’मध्ये येतात. ‘चार’ त्याच्या पलीकडचा: पदार्थाचा पृष्ठभाग कोळशाकडे निघालेला. चव कडवट, म्हणूनच तो थोडाच हवा असतो, कडेला, आतल्या गोडव्याला तोड म्हणून. तेव्हा खरपूस आणि चार एक नाहीत. ज्याला पाव येतो त्याला हा फरक हाताने कळतो: खरपूस पावाचा कवच तुटताना आवाज करतो, काळ्या कडेचा बोटांवर डाग राहतो.

मेलबर्नकर
‘डाग’ शब्द तुम्ही सहज वापरलात, मी तोच सुचवणार होते. आमच्याकडे शनिवारी अंगणात जाळीवर मका, रताळी, कोंबडी असं काही ना काही असतं. पोरं म्हणतात ‘चार मार्क्स आले’, आणि भारतातून आलेल्या आजीला वाटतं की परीक्षेत चारच मिळाले. आजीचा स्वतःचा शब्द डाग. ‘कणसाला डाग पडू दे, मग लिंबू-मीठ चोळ.’ पोळीलाही आपण डाग पडेपर्यंत भाज म्हणतोच की. तिथे डाग चांगला असतो.

पाटपाणी
डाग चालेल. ‘छान डाग पडलेत.’ आणि हो, ‘चारिंग’, ‘सिअरिंग’, ‘प्लेटिंग’ असले शब्द देवनागरीत लिहून मराठी झाले असं मानणाऱ्यांना माझा ठाम विरोध आहे. भाजणं, परतणं, शेकणं, उकडणं, वाफवणं, आटवणं, घोटणं, मुरवणं, धुरी देणं, आळू देणं. एवढी क्रियापदं असलेल्या भाषेने उधारी कशाला करावी?

मऊभात
आपण ‘पाव’ पोर्तुगीजांकडून घेतला, बटाटाही. त्यामुळे काही बिघडलं का?

पाटपाणी
ते पदार्थ बाहेरून आले, नाव बरोबर आलं. भाजणं बाहेरून आलेलं नाही.

भट्टीवरचा
क्रियापदं भरपूर आहेत हे खरं, पण ती जबरदस्तीने लावली की काय होतं ते सांगतो. एका कार्यक्रमाच्या मराठी उपशीर्षकात वाचलंय: ‘ती चॉकलेटला फोडणी द्यायला विसरली.’ मूळ शब्द टेंपरिंग. आपले लोक इंग्रजीत फोडणीला टेंपरिंग म्हणतात, तेच उलट फिरून आलं. चॉकलेटचं टेंपरिंग म्हणजे ते वितळवून, ठरावीक तापमानाला थंड करून पुन्हा किंचित तापवणं, म्हणजे कोकोच्या लोण्याचे स्फटिक नीट बसतात आणि चॉकलेटला चमक येते, तोडताना कटकन तुटतं. याला मराठी शब्द नाही आणि नसल्याची मला लाज वाटत नाही. तिथे टेंपरिंगच लिहावं.

उपशीर्षकवाली
‘डाग’ मी लिहून बघितलं. ‘सुंदर डाग!’ असं एकटं आलं की कपड्यावरचा वाटतो. ‘डाग पडेपर्यंत भाजलंय’ जरा बरं, पण लांब होतं. ‘होरपळलेला’ कसा वाटतो?

जुनी वही
तो नको. दुष्काळात माणसं होरपळतात, आगीत घरं. तो शब्द इतकं दुःख बघून आलाय की त्याला कोबीशेजारी बसवू नये.

मेलबर्नकर
पाटपाणी, तुम्ही प्लेटिंगचा उल्लेख केलात म्हणून विचारते, त्याला काय म्हणाल? २०२१ च्या मास्टरशेफ ऑस्ट्रेलियाच्या अंतिम फेरीत किश्वर चौधरीने पांता भात केला होता. रात्रीचा भात पाण्यात आंबवून, त्यात धुराचा वास, सोबत बटाट्याचं भरीत आणि सार्डिन मासे. ती तिसरी आली, पण इथल्या कितीतरी बंगाली, मराठी, तमिळ घरांत त्या दिवशी लोक उभं राहून बघत होते. शिळ्या भाताचं असं ताट आम्ही कधी पाहिलं नव्हतं. ‘प्लेटिंग’ असं आम्ही म्हणालो खरं, पण तेव्हाही शब्द तोकडा वाटला.

मऊभात
आपली पेजच की ती!

खाजणवाट
पेज नव्हे. गोव्यात आणि सिंधुदुर्गात पेज त्याच दिवशी शिजवतात, अकराच्या सुमाराला गरम पितात, बरोबर लोणचं नाहीतर सुका मासा. पांता भात आदल्या रात्रीच्या भाताचा आणि आंबवलेला. पेज म्हटल्यावर आमच्याकडे आजारी माणूस आणि शेतावर जाणारा माणूस दोघं आठवतात, शिळं अन्न आठवत नाही.

पाटपाणी
प्लेटिंगला ‘पान वाढणे’. सरळ आहे.

जुनी वही
सरळ नाही. वाढणं हे समोर बसलेल्या माणसासाठी असतं आणि ते संपत नाही. भात आला, मग वरण, मग तूप, मग पोळी, मग आग्रहाची जिलबी, मग ताकभात. पान प्रत्येक घासाला बदलत राहतं आणि वाढणाऱ्याचं लक्ष ते बदलण्याकडे असतं. स्पर्धेतली थाळी घंटा वाजली की गोठते. तिला नंतर हात लावायचा नाही. ‘पान मांडणे’ म्हणजे रिकामी पानं मांडणं. ‘सजावट’ म्हणजे वरची कोथिंबीर. यातलं काहीच नाही ते. ‘रचना’ म्हणता येईल: ‘ताटाची रचना उत्तम.’

तापीकाठ
पण रचनेचे नियम आपल्याकडे आधीपासून आहेतच ना. डावं-उजवं. वर मधोमध मीठ, त्याच्या डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी आणि आमटी. परीक्षकांनी कोणाच्या ताटात आमटी डावीकडे बघितली असती तर आमच्या आजीने पहिल्याच फेरीत घरी पाठवलं असतं.

उपशीर्षकवाली
सगळ्यांचे आभार. ‘रचना’ घेते, प्लेटिंगसाठी. ‘चार’साठी सध्या ‘मस्त काळं भाजलंय’ लिहून पाठवते. तापीकाठ, ‘जाळलंय’ मलाही आवडलं, पण तपासनीस सोडणार नाहीत. कोणाला काळ्या भाजण्याचा एखादा जुना शब्द आठवला तर शुक्रवारपर्यंत सांगा.

दूधखुळा
खरपूसच लिहा, मी अजून सांगतो.

खाजणवाट
तापीकाठ, मीठ मधोमध हे रोजच्या आणि पंगतीच्या पानात. नैवेद्याच्या पानात मीठ वाढतच नाहीत, आमच्याकडे तरी. तुमच्याकडे वाढतात?

तापीकाठ
नाही वाढत. पण लिंबाची फोड असते.

पाटपाणी
आमच्याकडे तीही नसते. फोड फक्त माणसांच्या पानात.